आडवी बाटली, सोड्यावरचा कर आणि कोपऱ्यावरचं दुकान

दर दोन वर्षांनी नोव्हेंबर जवळ आला की कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "ते निवडणुकीचं जाडजूड पुस्तक आलंय टपालाने, त्यातल्या कशाकशाला हो म्हणायचं?" राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नर कोण हवा यावर प्रत्येकाचं मत ठाम असतं. अडतं ते मतपत्रिकेवर त्याच्या खाली असलेल्या हो-नाही प्रश्नांच्या यादीपाशी. २०२४ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारापुढे राज्याचे १० आणि शहराचे १५, असे एकूण २५ प्रश्न होते. माणसं निवडायची ती वेगळीच. भारतातून मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा ते पुस्तक चाळून मला म्हणाले, "नगरसेवक निवडून दिलेत ना? मग हे सगळं तुम्हालाच कशाला विचारतात?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी सॅन फ्रान्सिस्को बेच्या पूर्वेकडच्या भागात राहते आणि काही छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. त्यामुळे या पुस्तकातल्या एकेका ओळीचं पुढे बिलावर काय होतं ते बघायला मिळतं. या प्रत्येक प्रस्तावाच्या जाहिरातीत एप्रन बांधलेला, दुकानाच्या दारात उभा असलेला छोटा दुकानदार हमखास दिसतो. बाजूने असणाऱ्यांच्याही आणि विरोधात असणाऱ्यांच्याही. मसुदा लिहायला बसलेल्यांत मात्र तो क्वचितच असतो.

आपल्याकडे हे आहेच

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर २००८ च्या सरकारी आदेशानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उमेदवार नसतात, दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटत असेल तर उभी, जावं असं वाटत असेल तर आडवी.

यातली मेख मोजणीत आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे त्या दिवशी शेतावर गेलेली, माहेरी गेलेली किंवा यादीत नाव असून केव्हाच मुंबईला राहायला गेलेली बाई न बोलता उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. प्रश्न काय विचारलाय याच्याइतकंच जिंकायला किती मतं लागतात हेही महत्त्वाचं असतं. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आणखी एक. आडवी बाटली जिंकली की परवानाधारकाचं दुकान जातं, हे सगळ्यांना दिसतं. त्या दुकानाच्या बाहेर उकडलेली अंडी, भुर्जी, चणे-फुटाणे विकणाऱ्या गाड्यांचं काय होतं ते मतपत्रिकेवर कुठेच नसतं. दारूचं दुकान गेल्याचं मला दुःख नाही. पण धंदे एकमेकांना टेकून उभे असतात, आणि मतपत्रिका त्यातल्या एकाकडेच बोट दाखवते.

कॅलिफोर्नियाने ही वाट का धरली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा इतका दबदबा होता की आमदार लोकांचे की कंपनीचे हा प्रश्नच पडावा. त्यावर उपाय म्हणून हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना १९११ साली लोकांना थेट कायदा करण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे मूळ भांडण बड्या कंपनीविरुद्ध सामान्य माणूस असं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण आज प्रचारावर सर्वांत जास्त पैसा ओतणाऱ्यांत बड्या कंपन्याच असतात.

मतपत्रिकेवरच्या या प्रश्नाला मी नुसतं 'प्रस्ताव' म्हणेन. शहराच्या पातळीवर तो तीन वाटांनी येतो. नागरिक मसुदा लिहून सह्या गोळा करतात, साधारणपणे शहरातल्या नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के. किंवा नगर परिषदेने आधीच केलेल्या कायद्याला विरोध म्हणून तितक्याच सह्या ३० दिवसांत आणून तो कायदा मतदारांपुढे खेचला जातो. तिसरी वाट म्हणजे परिषद स्वतःच प्रश्न विचारते. करांच्या बाबतीत तिला ते करावंच लागतं: १९९६ पासून राज्यघटनेतच तरतूद आहे की मतदारांना विचारल्याशिवाय शहराने नवा कर लावायचा नाही. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. नगरसेवक आहेत, पण तिजोरीची एक किल्ली मतदाराच्या कनवटीला आहे.

५५ टक्के मिळूनही हरता येतं

२०१४ साली खाडीच्या दोन काठांवरच्या दोन शहरांनी एकाच दिवशी जवळपास एकच प्रश्न विचारला: साखर घातलेल्या थंड पेयांवर, म्हणजे इथल्या भाषेत सोड्यावर, कर लावायचा का? बर्कलीत ७६ टक्के लोक हो म्हणाले आणि असा कर लावणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ५५ टक्के लोक हो म्हणाले, आणि प्रस्ताव पडला.

कारण असं. बर्कलीने कराचा पैसा शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जाईल असं लिहिलं. अशा कराला साधं बहुमत पुरतं. सॅन फ्रान्सिस्कोने तो ठरावीक कामांसाठी राखून ठेवला. राखीव कराला दोन तृतीयांश मतं लागतात. घरातल्या पैशाचंच उदाहरण घ्या. "घरखर्चाला दे" म्हटलं की निम्मं घर राजी झालं तरी भागतं, पण "फक्त मुलांच्या शिक्षणाला" अशी चिठ्ठी डब्यावर लावली की तिघांतल्या दोघांची संमती हवी. ज्याने पैसा कुठे जाणार हे जास्त प्रामाणिकपणे सांगितलं, त्याचीच परीक्षा कठीण. मला हा नियम कधीच पटलेला नाही. तो शब्दशः पाळून लोक त्यातून वाटा काढतात, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालानंतर नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या राखीव कराला बहुमतच पुरतं असा अर्थ लावला जाऊ लागला.

"कर लागला तर गिऱ्हाईक भरेल, दुकानदाराचं काय जातं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. बर्कलीचा कर एका औंसाला एक सेंट होता. औंस म्हणजे साधारण ३० मिलीलिटर. १२ औंसाच्या कॅनवर १२ सेंट, दोन लिटरच्या बाटलीवर ६८ सेंटच्या आसपास. कायद्याप्रमाणे तो भरायचा माल पुरवणाऱ्या वितरकाने. वितरक तो दुकानदाराच्या बिलात चढवतो आणि दुकानदाराने तो गिऱ्हाइकाकडून घ्यावा, असा हिशेब.

झालं काय, ते २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. साखळी सुपरमार्केटांत या पेयांची किंमत कराच्या जवळपास पूर्ण रकमेने वाढली होती. कोपऱ्यावरच्या स्वतंत्र दुकानांत मात्र ती वाढ दिसलीच नाही. मोठ्याने कर पुढे ढकलला, छोट्याने गिळला.

का गिळला, ते मी रोज बघते. बर्कलीच्या दक्षिणेला ओकलंड आहे आणि मधली हद्द म्हणजे नदी नाही की डोंगर नाही, रहदारीचे रस्ते आहेत. चार चौक चाललात की शहर बदलतं, आणि २०१७ च्या मध्यापर्यंत ओकलंडमध्ये असा कर नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक रोजचं, तोंडओळखीचं. ते एक कॅन, एक चिप्सचं पाकीट आणि एक लॉटरीचं तिकीट घेतं. कॅन दहा-बारा सेंटने महागला तर ते भांडत नाही, पुढच्या दुकानात जातं आणि तिकीटही तिथेच घेतं. सुपरमार्केटला ही भीती नाही, कारण तिथे माणूस ट्रॉली भरायला आलेला असतो. शिवाय साखळीकडे संगणकावर एका फटक्यात भाव बदलायची सोय असते. आमच्या दुकानदाराकडे लेबलं चिकटवायचं पिवळं यंत्र आणि कॉलेजातून वेळ मिळेल तेव्हा येणारा भाचा.

याचा अर्थ कर वाईट असा मी लावत नाही. साखरेचे दुष्परिणाम खरे आहेत, आणि मधुमेह आपल्या घराघरांत आहे. एवढंच की "कर कोण भरणार" याचं कायद्यातलं उत्तर आणि गल्ल्यातलं उत्तर वेगळं असू शकतं.

कधी प्रस्ताव सरळ छोट्यांच्या बाजूनेही येतो. सॅन फ्रान्सिस्कोत घरमालक गाळे वर्षानुवर्षं रिकामे ठेवून चढ्या भाड्याची वाट बघत. मार्च २०२० मध्ये मतदारांनी दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी रिकाम्या गाळ्यांवर कर लावला. वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त काळ गाळा बंद असेल तर रस्त्याकडच्या दर फुटाला पहिल्या वर्षी २५० डॉलर, मग ५००, मग १,०००. पंचवीस फुटी गाळा तिसऱ्या वर्षीही रिकामाच असेल तर २५,००० डॉलर. महामारीमुळे तो २०२२ पासून लागू झाला. हेतू चांगला. पण गाळा भाड्याने घेऊन उघडायला उशीर झालेला भाडेकरूही त्यात अडकू शकतो. बांधकामाला आणि परवानगीची वाट बघण्याच्या काळाला सूट आहे, तीही मुदतीचीच.

"छोट्यांना सूट असतेच की!"

असते. पण छोटा कोणाला म्हणायचं ते मसुदा लिहिणारा ठरवतो.

वॉशिंग्टन राज्यात सिॲटलच्या विमानतळाभोवती सीटॅक नावाचं छोटं शहर आहे. २०१३ साली तिथे विमानतळ आणि हॉटेलांतल्या कामगारांना ताशी १५ डॉलर किमान वेतन द्यायचा प्रस्ताव आला. तेव्हा राज्याचं किमान वेतन सव्वानऊच्या आसपास होतं. प्रस्ताव जिंकला तो ७७ मतांनी. एखाद्या मोठ्या वाड्यातल्या भाडेकरूंनी ठरवावं इतका फरक, आणि देशभर १५ डॉलरच्या मागणीला जोर आला. पुढे खटला झाला, आणि विमानतळाच्या आवारातही हा कायदा लागू होतो असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं.

त्या कायद्यात छोट्यांना वगळलं होतं. हॉटेल शंभर खोल्यांपेक्षा लहान किंवा तिथले कामगार तिसाहून कमी, तर सूट. हॉटेलातल्या किंवा विमानतळावरच्या खाण्याच्या वा विक्रीच्या ठेल्यावर दहापेक्षा कमी कामगार असतील, तरी सूट. ऐकायला ठीक. आता नऊ कामगार असलेल्या ठेल्याच्या मालकाचा विचार करा. दहावा माणूस घेतला की त्याचा एकट्याचा पगार वाढत नाही, दहाही जणांचा वाढतो. मग मालक दहावा माणूस घेत नाही, बायकोला बोलावतो. उलट सूट मिळालेल्यालाही सूट पुरती पचत नाही: शेजारच्या मोठ्या हॉटेलात १५ मिळत असताना त्याच्याकडे साडेनऊवर भांडी घासायला कोण थांबणार? कामगाराच्या बाजूने बघितलं तर हे चांगलंच आहे, आणि कायदा झाला तो त्याच्यासाठीच. मात्र "छोट्यांना काही फरक पडणार नाही" हे प्रचारातलं वाक्य खरं नव्हे.

छोटेपणा मोजायची दुसरी पट्टी म्हणजे उलाढाल. सॅन फ्रान्सिस्को धंद्यांकडून कर घेतं तो एकूण जमेवर, नफ्यावर नाही. गल्ल्यात आलेला प्रत्येक डॉलर मोजायचा, मग त्यातला हातात किती राहिला ते विचारायचं नाही. समजा एका किराणा दुकानाची वर्षाची विक्री २५ लाख डॉलर आहे आणि माल, भाडं, पगार जाऊन शंभरातले दोन उरतात. मालकाच्या हाती ५०,००० डॉलर. त्याच गल्लीतल्या सल्लागाराचीही जमा २५ लाख, पण त्याच्या हाती त्यातले दहा लाख उरत असतील. कराचे दर धंद्यानुसार वेगळे असले, तरी सूट कुठे संपते ती रेघ दोघांना एकच. ही रेघ साडेबावीस लाखांवर होती, म्हणजे आपला किराणावाला 'मोठा' ठरत होता. २०२४ च्या नोव्हेंबरात 'एम' प्रस्तावाने ती ५० लाखांवर नेली आणि एका रात्रीत तो पुन्हा छोटा झाला. दुकान तेच, शेल्फं तीच.

"चुकलं तर नगर परिषद दुरुस्त करेल"

इथे बहुतेकांची फसगत होते. कॅलिफोर्नियात नागरिकांनी सह्यांच्या वाटेने आणलेला आणि मतदारांनी मंजूर केलेला शहराचा कायदा नगर परिषदेला बदलता येत नाही, त्या कायद्यातच तशी मुभा लिहिलेली नसेल तर. एखाद्या आकड्याची चूक सुधारायलाही पुन्हा निवडणूक. नगर परिषदेचा नियम म्हणजे पेन्सिलने लिहिलेली यादी. लोकांनी मत देऊन केलेला नियम म्हणजे ताम्रपट. लोकांचा शब्द नंतर कोणी गुपचूप फिरवू नये म्हणून हे केलं, आणि ते योग्यही आहे. पण ताम्रपटावर शुद्धलेखनाची चूक झाली तर तीही कोरलेलीच राहते.

त्यातच एक प्रस्ताव दुसऱ्याला मारतो. २०२४ च्या त्याच निवडणुकीत सॅन फ्रान्सिस्कोत ॲपवरून मागवायच्या टॅक्सीसेवांवर कर लावून सार्वजनिक वाहतुकीला पैसे देणारा 'एल' प्रस्ताव होता. तो बहुमताने मंजूर झाला, आणि तरीही लागू झाला नाही. 'एम'मध्ये कलम होतं की 'एम'ला जास्त मतं पडली तर 'एल' रद्द. पडली. ज्यांनी दोन्हीला हो म्हटलं, त्यांच्या एका होने दुसरा हो खाल्ला. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि कधी प्रस्ताव मतपत्रिकेपर्यंत पोचतच नाही, तरी काम करून जातो. २०१८ साली पेय कंपन्यांनी राज्यभरासाठी एक प्रस्ताव तयार ठेवला: शहराच्या कुठल्याही कराला दोन तृतीयांश मतं लागावीत. तो मंजूर झाला असता तर शहरांचं अर्थकारणच अडलं असतं. तेव्हा राज्याच्या आमदारांनी कंपन्यांशी सौदा केला. २०३१ पर्यंत शहरांनी सोड्यावर नवा कर लावायचा नाही असा कायदा झाला, आणि कंपन्यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला. रेल्वे कंपनीला वेसण घालायला बनवलेलं हत्यार शंभर वर्षांनी कोणाच्या हातात आलं ते बघा. तरीही सांताक्रूझ शहराच्या मतदारांनी २०२४ मध्ये थोड्या फरकाने सोड्यावर कर मंजूर केलाच.

मत कोणाचं, दुकान कोणाचं

माझ्या हिशेबातल्या एका वहिनींचा खाण्याचा गाळा आहे. दुपारी डबे, संध्याकाळी वडापाव आणि चहा. गेल्या निवडणुकीआधी त्या आपलं पुस्तक पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. "अगं, तू हे सगळं वाचतेस ना? आमच्या गाळ्याच्या गावाचं काय ते दाखव. हो म्हणू की नाही म्हणू?"

मी पानं उलटली. राज्याचे प्रस्ताव होते, त्यांच्या राहत्या गावाचेही होते. गाळा ज्या शहरात आहे त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. असणार कसं? गाळा एका शहरात, घर चाळीस मिनिटांवर दुसऱ्या शहरात, कारण गाळ्याच्या गावात घर परवडत नाही. मत राहत्या पत्त्याला असतं, दुकानाच्या पत्त्याला नसतं. आणि वहिनी निदान नागरिक तरी आहेत. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्या कितीतरी दुकानदारांकडे ते पुस्तक येतच नाही.

"म्हणजे मी तिथे कर भरायचा, कचऱ्याचे पैसे भरायचे, आणि मत त्या समोरच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या पोरांनी द्यायचं?"

"हो वहिनी. ती पोरं तुमचे वडे खातात, त्यांच्याशी बोला."

हे मी गमतीने म्हटलं, पण करता येण्यासारख्या गोष्टी खरंच याच पातळीवरच्या आहेत. प्रस्ताव मसुद्यात असताना नगर परिषदेच्या सभेत कोणालाही बोलता येतं, मत असो वा नसो. पुस्तकात आपली बाजू छापून आणायची सोयही काही ठिकाणी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०० डॉलर आणि शब्दाला दोन डॉलर. पेय कंपनीला हा खर्च किरकोळ, वहिनींना तो दोन दिवसांचा गल्ला.

पुस्तक हाती आलंच तर प्रस्तावाचं नाव आणि दोन्हीकडची भाषणं मी शेवटी वाचते. आधी व्याख्यांचं पान. "नियोक्ता म्हणजे", "कामगार म्हणजे", "लहान व्यवसाय म्हणजे". तिथे आकडा असतो. मग सूट कधी संपते, कायदा बदलायचा अधिकार कोणाला, आणि दुसऱ्या कुठल्या प्रस्तावाचं नाव यात आलंय का.

वहिनींना नमुना म्हणून मी सीटॅकच्या कायद्यातली ती दहा कामगारांची ओळ मराठीत सांगितली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि बोटं मोजायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात चार, काउंटरवर दोन, डबे पोचवणारे दोन, शनिवार-रविवारची ती मुलगी. नऊ. मग थांबल्या.

"आणि सकाळी येऊन बटाटे सोलणाऱ्या आमच्या सासूबाई? त्या धरायच्या का गं?"